इंदूबाईचा काटा

मुकुटबनच्या इंदूबाईला चावीचं, खटक्याचं किंवा स्प्रिंगचं काही दिसलं की तिचे पाय जागीच रुतत. बाकीच्या बाया जत्रेत लुगड्यांच्या दुकानापुढे रेंगाळायच्या, ही कुलपांच्या दुकानापुढे. दुकानदाराला वाटायचं, बाई घ्यायला आली. बाई नुसती उघडून पाहायला आलेली असे. पण कधीकधी घेऊनही टाकी, आणि मग घरी महाभारत होई.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं दीक्षा घ्यायला नागपूरला गेली, त्यांत इंदूबाई आणि तिचा नवरा डोमाजीही होते. परतताना कुणी फोटो आणला, कुणी पुस्तक. इंदूबाईने फोटो आणलाच, शिवाय तीन सेलची एक लांबलचक बॅटरी आणली. गाडी सुटल्यावर डोमाजी म्हणाला, "काव, आपन दीक्षा घ्याले गेलतो का बाजार कराले?"

"भन्तेजीनं काय सांगतलं? सोताच सोताचा दिवा व्हा म्हने."

"म्हनून बॅटरी?"

"मंग काय कंदील घेऊ? त्याले तेल लागते."

डोमाजी जंगलाच्या कुपात, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, तोडलेल्या सागाच्या ओंडक्यांवर नंबर ठोकण्याचं काम करी. साधा माणूस. जगात ओंडका आहे, आपल्या हातात हातोडा आहे, यापलीकडे त्याला कशाची हौस नव्हती. इंदूबाईच्या वस्तूंशी मात्र त्याचं उभं वैर होतं, आणि त्याला कारणंही होती. वणीच्या जत्रेतून गजराचं घड्याळ आलं. ते पहाटे पाचला लावलं की भर दुपारी, डोमाजी जेवत असताना वाजायचं, आणि त्याच्या हातातला घास वरणात पडायचा. पुढच्या साली दाबलं की आपोआप लागणारं कुलूप आलं. "चावी फक्त खोलाले लागते," असं कौतुकाने सांगत इंदूबाईने ते दाराला दाबून दाखवलं. चावी घरात होती. डोमाजीला छपराचे कवेलू काढून वरून आत उतरावं लागलं.

प्रत्येक वस्तू ती एकदा तरी उकलायचीच. परत जुळवताना एखादा स्क्रू उरायचा. "कंपनी एक जास्तीचा देते," असं म्हणून ती तो डब्यात टाकी. डबा अर्धा भरला होता.

पण इंदूबाईचं खरं काम वेगळं होतं. ती दाई. तिची आई दाई, सासू दाई. गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिने कापलेल्या. पाटलाच्या घरीसुद्धा बाळंतपणाला तिलाच बोलावणं यायचं. त्या घटकेला तिथे कुणाला शिवाशीव आठवत नसे. ती आठवायची बाळ रडल्यावर.

एकसष्ट साली सरकारने तालुक्याच्या गावी दायांना महिनाभराचं शिक्षण दिलं. बाकीच्या दाया महिनाभर 'हात किती वेळा धुवाले लावतात व माय' म्हणून कुरकुरत राहिल्या. इंदूबाईचं लक्ष भिंतीवर टांगलेल्या काट्यावर होतं. वर टांगायला लोखंडी आकडा, खाली तसाच आकडा, मधे घड्याळासारखी गोल चकती. बाळाला कापडाच्या झोळीत घालून खालच्या आकड्याला अडकवलं की चकतीवरची सुई सरसर फिरून त्याचं वजन सांगायची. तसाच एक जुना काटा कपाटात पडून होता, त्याची सुई अडकलेली. इंदूबाईने तो शिकवणाऱ्या सिस्टरकडून मागून घेतला, चाकूच्या टोकाने उघडला, राकेलने धुतला, स्प्रिंग पुसली, परत जुळवला. सुई मोकळी झाली. एक स्क्रू उरला. तो तिने मुकाट्याने पदराला बांधला.

सिस्टर खूश झाली. म्हणाली, "घेऊन जा तूच. पण प्रत्येक बाळाचं दर आठवड्याला वजन करायचं. बाळ वाढतंय की नाही, ते आधी काट्याला कळतं, मग आईला."

महिन्याने इंदूबाई गावी आली तेव्हा तिची चाल बदललेली होती.

त्या सुमारास बाजारातला शेर जाऊन किलो आला होता आणि गावात कुणाचाच मेळ बसत नव्हता. इंदूबाईच्या चकतीवर तर दहा किलोपर्यंत आकडे होते. पहिल्या दोन दिवसांत तिने घरातलं सगळं मोजून काढलं. कोहळं, कोंबडा, पाटा सोडून वरवंटा, शेवटी डोमाजीच्या वहाणा.

"डावी जराशी जड हाये," तिने सांगितलं.

"मले कायले सांगते तू हे?" डोमाजी कळवळून म्हणाला. तिसऱ्या दिवशी कुपातून आल्यावर तो ओट्यावर बसला आणि पाय चोळत म्हणाला, "पाह्य आता. बारा वर्सं चाललो त्या वहानेनं, काही नोयतं. आज दिवसभर डावा पाय जड लागून राह्यला."

काट्यावर टांगलेलं पहिलं बाळ म्हणजे शेजारच्या मानीबाईची नात. तीन किलो चारशे. मानीबाईला किलो कळत नव्हता, पण इंदूबाईचा चेहरा पाहून हे काहीतरी भारी आहे एवढं कळलं. तिने ते सगळ्या वस्तीला सांगितलं, विहिरीवर सांगितलं, बाजारात भाजीवालीलाही सांगितलं.

पंधरा दिवसांनी पुंडलिकराव पाटलाच्या सुनेला मुलगा झाला. घराण्यातला पहिला नातू. इंदूबाईने त्याला झोळीत घालून ओसरीच्या आढ्याला टांगलं. घरचे सगळे मान वर करून उभे.

"दोन किलो सहाशे," इंदूबाई म्हणाली. "चांगलं हाये वजन."

पाटलीणबाई सत्यभामाबाईंनी विचारलं, "आन त्या मानीच्या नातीचं किती भरलं होतं म्हने?"

इंदूबाईला काटा चालवता येत होता, गप्प बसता येत नव्हतं. "तीन किलो चारशे!" ती उत्साहाने म्हणाली. "सुई कशी भरकन गेली, बाईसायेब, पाहासारखं होतं!"

पुंडलिकरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते बैल पाहायला गोठ्यात गेले. बैल तिथे नव्हते, वखराला गेले होते.

पुढच्या रविवारी इंदूबाई पुन्हा काटा घेऊन पाटलाकडे गेली. सत्यभामाबाईंनी नातवाला घोंगडीत गुंडाळून तयार ठेवला होता. झोळीत घालताना इंदूबाईला तो भलताच जड लागला. तिने घोंगडी सोडली. आत दुपटं. दुपटं सोडलं. हातांत चांदीचे वाळे, पायांत वाळे, कमरेला साखळी. ते सगळं उतरवलं. तरी काहीतरी टोचत होतं. पाठीखालून हा एवढा पितळी मुठीचा अडकित्ता निघाला.

"लोखंड लागते बाळंतिणीच्या खोलीत," सत्यभामाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "बाहेरचं काही लागू नये म्हनून."

"लागते ना, बाईसायेब. पन उशाशी. पोट्ट्याच्या अंगावर अर्धा किलो कायले?"

नागडं बाळ दोन किलो पाचशे भरलं. शंभर ग्रॅमने घटलं होतं.

पहिल्या आठवड्यात सगळीच बाळं थोडी उतरतात, असं सिस्टरने सांगितलं होतं, आणि इंदूबाईने ते जीव तोडून समजावलं. पण त्याच्या पुढच्या रविवारीही सुई अडीचवरच थांबली, आणि त्याच्याही पुढच्या. तिसऱ्या रविवारी सत्यभामाबाईंनी निकाल दिला. "काट्याची दृष्ट लागली लेकराले. आमच्यात धान्याची रास मोजतात, जीव मोजत नाही कोनी. उचल ते तुहं यंत्र, आन पुन्हा आनू नको."

गोष्ट गावभर व्हायला पोळी भाजायचाही वेळ लागला नाही. इंदूबाई रस्त्याने निघाली की लेकुरवाळ्या बाया पोरांना पदराखाली घेत. एका म्हातारीने तर तिला पाहून कोंबडीच्या पिल्लांवर टोपली टाकली. मानीबाईची नात चांगली बाळसं धरत होती, पण तीही एका सकाळी दारात आडवी उभी राहिली. "राग नको मानू, इंदूबाई. झालं तितकं वजन लय झालं. आता राहू दे."

इंदूबाईने काटा खुंटीला टांगला. दोन दिवस ती धड जेवली नाही, बोलली नाही. घरात इतकी शांतता डोमाजीने लग्नापासून ऐकली नव्हती आणि ती त्याला सोसेना. तिसऱ्या दिवशी तो कामावरून आला, बाजूच्या वाडीतून एक वांगं तोडून घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"हे घे."

"काय करू याले? भरीत?"

"मोज," डोमाजी म्हणाला. तिने मान वळवली, तेव्हा त्याने स्वतःच पुढे होऊन वांगं आकड्याला अडकवलं आणि डोळे बारीक करून चकतीकडे पाहत राहिला. त्याला आकडे ओंडक्यांवरचे येत, चकतीवरची ही बारीक घरं येत नव्हती. "किती झालं व?"

"दोनशे," इंदूबाई म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग हसता हसता रडू आलं. डोमाजी वांगं काढून दुसरं आणायला गेला.

त्याच आठवड्यात पुंडलिकरावांचा निरोप आला. काटा घेऊन चावडीवर ये.

पाटील आडदांड दिसले तरी हिशेबी डोक्याचे होते. दृष्ट लागत असेल, नसेल, पण यंत्र खोटं असू शकतं, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी सोसायटीच्या दुकानातून सरकारी शिक्क्याची नवी लोखंडी वजनं मागवून घेतली होती. चावडीवर अर्धं गाव जमलं. मानीबाई पुढच्या रांगेत होती. काटा खोटा ठरला तर नातीचे तीन किलो चारशे जाणार, या काळजीने तिचं तोंड सुकलं होतं.

सगळ्यांत मोठी काळजी इंदूबाईला होती. तिला तो उरलेला स्क्रू आठवत होता. कोणत्या भोकातला होता कोण जाणे. त्या स्क्रूवाचून सुई पुढे धावत असली तर? मागे राहत असली तर? आजवर मोजलेली सगळी बाळं खोटी ठरतील. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण प्रत्येक वस्तू उकलायची काही गरज नव्हती.

पाटलांनी एक किलोचं वजन आकड्याला लावलं. सुई हलली, लटपटली, एकवर येऊन थांबली.

"एक," शाळामास्तरांनी वाकून पाहत सांगितलं.

दोनचं लावलं. दोन. पाचाचं लावलं.

"पाच. बरोबर पाच."

मानीबाईने आपल्या नातीचा विजय झाल्यासारखे दोन्ही हात वर केले. लोक हसले. इंदूबाई तिथेच पायरीवर बसली. कंपनी खरंच एक स्क्रू जास्तीचा देते, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून पटलं.

पण पुंडलिकराव हसत नव्हते. काटा खरा ठरला, याचा दुसरा अर्थ त्यांच्या लगेच ध्यानात आला होता. लोक पांगल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मंग पोट्टं वाढून काहून नाही राह्यलं?"

"मले सूनबाईले भेटू द्या, पाटील. एकटीले."

पाटलांची सून सुचित्रा यवतमाळच्या कारकुनाची मुलगी, एकोणीस वर्षांची. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. इंदूबाईने दार लोटल्यावर ती उठून बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. सासूबाई म्हणतात माझं दूध पातळ आहे. त्याने बाळ अंग धरत नाही. म्हणून त्याला दिवसातून चारदा घुटी, मध आणि लोणी चाटवतात. माझ्याकडे देतात फक्त सकाळ-संध्याकाळ. आणि मला पथ्य म्हणून मऊ भात आणि सुंठ. "मला भूक लागते हो, इंदूबाई," असं म्हणून ती रडायला लागली.

इंदूबाईने तिला रडू दिलं आणि डोकं खाजवलं. भांडून काही होणार नव्हतं. सत्यभामाबाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या, पाटलाचंसुद्धा नाही. आणि मग तिला ते सुचलं. तिचे डोळे असे चमकले, की सुचित्रा रडायची थांबली.

तिने सत्यभामाबाईंना आत बोलावलं. "बाईसायेब, मी काही बोलत नाही. तुमी फक्त सुईकडं पाह्या." बाळाला झोळीत टांगलं. अडीच. मग बाळ आईच्या हाती दिलं. ते भुकेलेलंच होतं. दोघी म्हातारपणाकडे झुकलेल्या बाया जमिनीवर बसून राहिल्या आणि बाळ डोळे मिटून ओढत राहिलं. पोट भरल्यावर इंदूबाईने त्याला पुन्हा टांगलं. सुई अडीचच्या पुढे चांगलं दीड घर सरकली.

"हे जे इथून इथं गेलं नं, बाईसायेब," इंदूबाईने बोट ठेवून दाखवलं, "ते सूनबाईचं दूध हाये. पातळ अस्तं तं सुई कायले हालली अस्ती?"

सत्यभामाबाईंनी झोळी चाचपून पाहिली. खाली लोखंड नव्हतं. दुपटं हुंगून पाहिलं. मग त्या उठल्या, आपल्या घुटीची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता हे दिऊन मोज."

बाळाने दोन बोटं घुटी चाटली, तोंड वाकडं केलं. टांगलं. सुई जागची हलली नाही.

"घुटी अंगी लागाले वेळ लागते," सत्यभामाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी चकतीकडे असं पाहिलं, की जणू तिच्यात कुणीतरी व्याह्याकडचं माणूस बसलं आहे.

त्या दिवसापासून पाटलाच्या घरी पुंडलिकरावांनी एकच हुकूम लावला. सुई सांगते तसं करायचं. सुचित्राच्या ताटात भाकरी, वरण, मेथीची भाजी आणि दूध आलं. बाळ मागेल तेव्हा आईकडे. पहिल्या रविवारी दोन किलो सातशे भरलं, दुसऱ्या रविवारी नऊशे पन्नास. तिसऱ्या रविवारी सुई तीनच्या पल्याड गेली तेव्हा सत्यभामाबाईंनी गूळ वाटला, आणि गूळ घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "पाह्यलं का? माही घुटी आता लागून राह्यली."

इंदूबाईने हे ऐकलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. गप्प बसणंही तिला आता जमायला लागलं होतं.

बायांनी पदर बाजूला केले. रविवारी इंदूबाईच्या अंगणात रांग लागू लागली. तांड्यावरच्या बाया यायच्या, मुकुटबनच्या पलीकडच्या पाड्यांवरून कोलाम बाया पोरं पाठीला बांधून तीन-तीन कोस चालत यायच्या. एक जण कोकरू घेऊन आला, त्यालाही तिने मोजलं. मानीबाई तर रांगेत पहिलाच नंबर धरी. तिची नात चार किलोच्या वर गेली होती. ही खबर पाटलाच्या वाड्यावर पोचायला नको म्हणून इंदूबाई आकडा तिच्या कानात सांगे, आणि मानीबाई तो मोठ्याने ओरडे.

चैत्रातल्या एका दुपारी इंदूबाई अंगणात सुपात धान्य पाखडत होती. डोमाजी सुट्टीचा घरी होता. वस्तीच्या तोंडाशी पुंडलिकराव दिसले. एकटेच. काठी टेकत इकडेतिकडे पाहत आले आणि अंगणाशी थांबले.

"इकडून चाललो होतो," ते म्हणाले.

वस्तीच्या पुढे वाट नव्हती, नाला होता. पण इंदूबाईने तसं दाखवलं नाही. खाट ओढून दिली. पाटील जरासे घुटमळून खाटेवर बसले. नातवाचं चांगलं चाललं आहे म्हणाले. ऊन कडक आहे म्हणाले. कापसाला भाव नाही म्हणाले. मग खुंटीवरच्या काट्याकडे नजर गेली आणि ती तिथून हलेना.

"इंदूबाई," ते म्हणाले. त्यांनी तिला आजवर 'इंदे' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "लहान लेकराचंच वजन होते का याच्यावर? मोठ्या मानसाचं?"

"दहा किलोच्या वर नाही जात, पाटील. स्प्रिंग तुटंल."

पाटील हिरमुसले. काठीने जमिनीवर रेघ ओढत राहिले. डोमाजी अंगणातल्या चुलीपाशी चहा ठेवत होता, तो तिथूनच म्हणाला, "एक्का दमात नाही होनार. पन हप्त्या-हप्त्यानं केलं तं?"

"म्हंजे?"

"म्हंजे पयले एक पाय. मंग दुसरा. मंग हात."

इंदूबाईने डोमाजीकडे पाहिलं. जन्मभर यंत्रांना शिव्या देणारा हा माणूस आता काट्यावर डोकं चालवत होता. तिला एवढा अभिमान वाटला, की तिने लगेच काटा उतरवून दारच्या आंब्याच्या फांदीला अडकवला, झोळी बांधली आणि खाट तिच्याखाली सरकवली. पाटलांनी आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून घेतलं, जोडा काढला, धोतर वर खोचलं, खाटेवर मागे रेलले आणि उजवा पाय झोळीत घातला.

"ढिला सोडा. आंग आखडू नका."

"सोडला."

सुई निघाली. पाच, सहा, सात. आठच्या पुढे जाऊन थरथरू लागली. पुंडलिकराव मान वाकडी करून चकतीकडे असे टक लावून पाहत होते, की डोमाजीने कपबशी हातात दिली ती त्यांनी तशीच घेतली. एक घोट घेतला, मग दुसरा.

"साडेआठ," इंदूबाई म्हणाली. "चांगला पाय हाये, पाटील."

"साडेआठ!" पाटील खूश होऊन म्हणाले. त्यांनी कप तोंडाला लावला, आणि तो रिकामा आहे हे कळल्यावर मग कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आपण काय केलं. त्यांनी कपाकडे पाहिलं. डोमाजीकडे पाहिलं. तो चुलीपाशी पाठ करून उगीचच लाकडं सारत होता. इंदूबाई चकतीवरची धूळ पुसत होती.

मग पुंडलिकरावांनी कपबशी सावकाश खाटेच्या पायाशी ठेवली, झोळीतून उजवा पाय काढला आणि डावा वर उचलला.

"याले मोज आता," ते म्हणाले. "आन डोमाजी, साखर जराशी कमी होती."